आधी थांबता येतंय का ते बघा: ड्रॅग रेसिंगमध्ये मार लागलेली गाडी पुन्हा ट्रॅकवर नेण्याआधी

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांनी शेजारशेजारच्या लेनमधून सरळ, छोट्या ट्रॅकवर लावलेली शर्यत. तिच्यातल्या सर्वांत वेगवान, नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या टॉप फ्युएल वर्गातल्या गाडीचं इंजिन प्रत्येक धावेनंतर खोलतात. धाव चार सेकंदांचीही नसते, पण तेवढ्यात पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, क्लचच्या प्लेटा यांतलं बरंच काही बदलायच्या लायकीचं झालेलं असतं. पुढच्या फेरीला तास-सव्वा तास असतो आणि क्रू तेवढ्यात सगळं उकलून पुन्हा बांधतो. हे काम जवळून बघताना माणूस थक्क होतो. पण याच सवयीत एक धोका लपलेला आहे. ज्यांच्या हाताखालून रोज मोडकं सामान जातं, त्यांच्या डोळ्यांना मोडतोड नेहमीची वाटायला लागते. मग फाटलेल्या पिस्टनला आणि तडा गेलेल्या रोल केजला, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याला, एकच न्याय लागतो: बदला, वेल्ड मारा, चला. पिस्टन फाटला तर फेरी जाते. केज फाटला तर माणूस जातो.

मी वेल्ड तपासणीच्या कामातला, भोसरीचा. कामानिमित्त तीन वर्षं अमेरिकेत इंडियाना राज्यात होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी एका छोट्या टीमच्या पिटमध्ये मदतीला जायचो. गाडी मिथेनॉलवर धावणारी, अल्कोहोल वर्गातली. तिथे जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. शिक्षणासाठी परदेशी गेलेली आपली मुलं अशा टीममध्ये हौसेने हात लावायला जातात, त्यांना हे आधी कळलेलं बरं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठीही यातलं पुष्कळ कामाचं आहे. नियम म्हणतो ते मुख्यतः एनएचआरएचे, म्हणजे १९५१ साली वॉली पार्क्स यांनी सुरू केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचे. त्यांचं नियमपुस्तक बदलत राहतं, त्यामुळे ज्या वर्षी धावणार त्या वर्षीचं पुस्तक पिटमध्ये हाताशी ठेवा.

पहिला प्रश्न इंजिनाचा नाही

गाडीला मार लागला की क्रूचे सगळे हात इंजिनाकडे जातात. साहजिक आहे, धाव इंजिनावर मिळते. पण तपासणीचा क्रम उलटा हवा. आधी गाडी थांबू शकते का, मग चालकाभोवतीचा पिंजरा धड आहे का, मग टायर-चाकं-स्टिअरिंग, आणि सर्वांत शेवटी इंजिन.

असं का, ते २१ जून २००८ च्या एका दुर्घटनेतून कळतं. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत स्कॉट कलिटा यांच्या फनी कारचं (नायट्रोवरच धावणारी, वरून साध्या गाडीसारखं कवच असलेली गाडी) इंजिन अंतिम रेषेजवळ फुटलं. गाडी तेव्हा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास होती. आगीत आणि स्फोटात पॅराशूटं निकामी झाली, गाडीचा वेग उतरलाच नाही, आणि ट्रॅकच्या टोकाला असलेला वाळूचा पट्टा ओलांडून ती पलीकडे आदळली. कलिटा गेले. इंजिन फुटणं या खेळात नवं नाही. जीव गेला तो थांबवणारी साधनं हाताशी राहिली नाहीत म्हणून. पुढच्याच महिन्यात एनएचआरएने टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन वर्गांचं अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणलं. तो निर्णय आजही कायम आहे. ट्रॅकच्या टोकाच्या जाळ्या आणि वाळूचे पट्टे सुधारले गेले. इंजिनात स्फोट झाला की चालकाच्या हाताची वाट न बघता इंधन तोडणारी आणि पॅराशूट सोडणारी यंत्रणाही त्यानंतर गाड्यांत आली.

म्हणून पिटमध्ये गाडी आली की मी आधी मागच्या टोकाला, पॅराशूटांकडे जायचो.

गाडी अजून धावत असताना

नुकसानाचा पहिला निर्णय चालकाचा, आणि त्यासाठी त्याच्याकडे सेकंदाचा काही भाग असतो. नायट्रोमिथेन जळताना स्वतःचा ऑक्सिजन सोबत घेऊन येतं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, नायट्रोला १.७ पुरते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधनाचा अक्षरशः लोंढा ओतला जातो. एक सिलिंडर पेटेनासा झाला की हे द्रव आत साचतं. द्रव दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की हेड उचललं जातं नाहीतर ब्लॉकच फुटतो. रात्रीच्या धावेत आठ पाइपांतून ज्वाळा निघत असताना एका पाइपातून पांढरट फवारा दिसला, तर ते याचंच लक्षण.

अशा वेळी क्रम एकच: पाय काढा, इंधन तोडा, पॅराशूट सोडा, मग ब्रेक. नुसतं इग्निशन बंद करून भागत नाही, कारण धावेच्या मध्यापर्यंत प्लगची टोकं जळून गेलेली असतात आणि इंजिन तापलेल्या भागांवरच पेट घेत राहतं. इंधन तोडणं हाच खरा स्विच. फनी कारमध्ये इंजिन चालकाच्या पुढे असतं, त्यामुळे आग त्याच्या अंगावर येते. तिथे अग्निशामक बाटल्यांचा खटकाही लगेच ओढावा लागतो. हे सगळं डोळे मिटून जमलं पाहिजे. मी ज्यांच्याकडे जायचो तो चालक प्रत्येक धावेआधी गाडीत बसून डोळे बंद करायचा आणि एकेका खटक्याला हात लावून त्याचं नाव पुटपुटायचा. इंधन, पॅराशूट, आग. पाच-सहा वेळा. सुरुवातीला मला ते देवाचं नाव घेतल्यासारखं वाटायचं. नंतर एकदा हेल्मेट घालून मीच आत बसलो, तेव्हा कळलं की मान खाली वळतच नाही आणि खटके दिसतच नाहीत.

शेजारच्या लेनमधल्या चालकासाठीही नियम आहे, फक्त तो पुस्तकापेक्षा अनुभवाने शिकवला जातो. बाजूच्या गाडीत स्फोट दिसला, तुकडे उडाले, तर तुम्हीही पाय काढा. २००७ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासमधल्या एनिसला जॉन फोर्स यांच्या फनी कारची चासी दुभंगली आणि ती शेजारच्या लेनमध्ये केनी बर्नस्टीन यांच्या गाडीला जाऊन भिडली. मोडलेली गाडी आपली लेन पाळत नाही.

सुरुवातीच्या रेषेवरची गळती

काही नुकसान धावेआधीच दिसतं. टायर तापवायचा बर्नआउट करून गाडी मागे घेतात, तेव्हा क्रूचा एक माणूस वाकून खाली बघतो. थेंब दिसला तर गाडी बंद. स्टार्टरने, म्हणजे धाव सोडणाऱ्या अधिकाऱ्याने, बंद करायची खूण केली की वाद नाही. त्या फेरीतला तुमचा हक्क तिथेच संपतो आणि समोरचा एकटा धावतो.

हा नियम कठोर वाटतो, पण गळणारं तेल आधी कुठे जातं बघा. इंजिनाखालून ते वाऱ्याने मागे जातं आणि मागच्या टायरखाली येतं. म्हणजे पहिला घसरणारा तुम्हीच. त्यानंतर ट्रॅक पुसायला शोषक पावडर, घासणी, पुन्हा चिकट द्रावणाचा फवारा, पुन्हा रबर. अर्धा तास सहज जातो आणि त्या लेनची पकड पहिल्यासारखी होत नाही, म्हणजे मागून येणाऱ्यालाही धोका. म्हणूनच तेल सांडणाऱ्या टीमला एनएचआरए दंड करते आणि गुणही कापते. इंजिनाखाली बांधायचं शोषक कापड, ज्याला सगळे सरळ ‘डायपर’ म्हणतात, ते यासाठीच सक्तीचं आहे. मार लागलेल्या गाडीचा डायपर फाटलेला किंवा आधीच तेलाने भरलेला असेल तर तो बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि घाईत नेमकं हेच राहतं.

गाडी थांबल्यावर

इथे आपल्याकडच्या माणसाला मन आवरावं लागतं, कारण अपघात दिसला की धावत जाणं आपल्या रक्तात आहे. जाऊ नका. ट्रॅकवर सेफ्टी सफारीचं पथक असतं. १९५४ साली एनएचआरएने सुरक्षित स्पर्धा कशी भरवायची ते शिकवायला गावोगाव एक चमू फिरवला होता, त्या ‘ड्रॅग सफारी’चाच हा वारसा. त्यांची माणसं काही सेकंदांत पोचतात, आणि त्यांनी हात केल्याशिवाय क्रूने गाडीला शिवायचं नसतं.

कारणं ठोस आहेत. मिथेनॉलची ज्वाळा दिवसा उजेडात जवळपास दिसत नाही. गाडी शांत उभी आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती पेटलेली असते. हवा तापून थरथरताना दिसली तर समजा. मिथेनॉलवर पाणी चालतं, पण गाडीत मॅग्नेशियमचे भाग पेटले असतील तर त्यावर पाणी मारणं घातक, म्हणून काय मारायचं हे पथकाला ठरवू द्या. नायट्रोच्या धुराने डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, श्वास कोंडतो. पिटमध्ये इंजिन चालू करताना क्रू मास्क लावून उभा असतो ते उगाच नाही. शिवाय पॅराशूट सोडणारी दाबाची यंत्रणा न सुटता तशीच भरलेली असू शकते. तिच्यासमोर वाकून बघणं म्हणजे भरलेल्या बंदुकीच्या नळीत डोकावणं. आधी सुरक्षेची पिन, मग पुढचं सगळं.

चालक स्वतः हात वर करून खूण करत असेल तर चांगलं. करत नसेल तर त्याचं हेल्मेट तुम्ही काढू नका, त्याला ओढू नका. मानेची इजा बाहेरून दिसत नाही.

आधी माणूस, मग गाडी

गाडी ओढून पिटमध्ये आणेपर्यंत चालकाची तपासणी वैद्यकीय पथकाकडे झालेली असली पाहिजे, आणि पुन्हा धावायला त्यांची परवानगी हवी. भिंतीला धडकलाच नाही, मग डॉक्टर कशाला, असं इथे म्हणायचं नाही. १९ मार्च २००७ रोजी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला चाचणी धावेत एरिक मेडलेन यांच्या फनी कारचा टायर बिघडला आणि गाडी भयानक हादरली. डोकं पिंजऱ्यात एका बाजूवरून दुसरीकडे आपटत राहिलं, मेंदूला खोल इजा झाली आणि चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर फनी कारच्या पिंजऱ्याची रचना, डोक्याभोवतीची जागा आणि गादी यांवर पुष्कळ काम झालं. यातून क्रूने घ्यायचा धडा साधा आहे: टायरचा मोठा हादरा हा अपघातच समजा. चालक ‘मी बरा आहे’ म्हणेल. त्याला तसं वाटतही असेल. तारीख, फेरी, आपला नंबर विचारा, उत्तराला वेळ लागला तर त्या दिवशी विषय बंद.

अंगावरच्या सामानाचं काय करायचं ते थोडक्यात. हेल्मेटला मार लागला असेल तर ते बदला. आतला फोम एकदा दाबला गेला की परत फुगत नाही, आणि बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पट्टे ताणले गेले असतील, शिवण ओढली गेली असेल, तर नवे. त्यांच्यावर तारीख असते, दोन वर्षांची मुदत असते, पण अपघातानंतर मुदत बघायची नाही. नायट्रो चालकांचा सूट एसएफआयच्या (शर्यतीच्या सुरक्षा सामानाचे दर्जे ठरवणारी अमेरिकेतली संस्था) ३.२ए/२० दर्जाचा असतो, म्हणजे दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुमारे ४० सेकंद रोखेल असा. साध्या एकपदरी जॅकेटचं संरक्षण जेमतेम तीन सेकंदांचं असतं. पण तेलाने किंवा इंधनाने भिजलेल्या सुटाला हा हिशोब लागू नाही. तो वाळवून परत घालू नका.

पिटमधली तपासणी

आता मागच्या टोकापासून सुरुवात करा. एनएचआरएच्या नियमांत ताशी १५० मैलांच्या पुढे एक पॅराशूट आणि २०० मैलांच्या पुढे दोन लागतात. मार लागलेल्या गाडीत दोन्ही पूर्ण उलगडा. दोऱ्या एकेक करून बोटांतून सरकवा. जळालेला दोर दिसायच्या आधी हाताला लागतो, कडक आणि खरखरीत. मुख्य पट्ट्याची शिवण, त्याच्या टोकाचा बोल्ट, तो बोल्ट ज्या कानात बसतो तो कान, हे सगळं बघा. दोन्ही पॅराशूटं एकाच ठिकाणी अडकवलेली असतील तर एक बोल्ट गेला की दोन्ही गेली. ती वेगवेगळ्या ठिकाणी, आगीत टिकणाऱ्या आवरणातून आणलेली असावीत. मग खटका ओढून केबल खरोखर सरकतेय का ते पाहा. नुसता खटका हलला म्हणून केबल सुटली असं होत नाही.

मग ब्रेकच्या नळ्या, पॅड आणि डिस्क. तेल उडालेलं असेल तर पॅड बाद. इंधन तोडणारा व्हॉल्व्ह हाताने उघडबंद करा आणि स्वयंचलित यंत्रणा पुन्हा तपासा, कारण स्फोटात तिच्या वायरी सगळ्यात आधी जळतात. अग्निशामक बाटली एकदा जरी उघडली असली तरी भरून, वजन करून घ्या. काट्याने हिरवं दाखवलं तरी वजन करा.

इथपर्यंत एकही गोष्ट नापास झाली आणि वेळेत सुधारता येत नसेल, तर पुढे बघायची गरजच नाही. इंजिन उघडू नका.

पिंजऱ्याच्या तपासणीला बारीक नजर आणि प्रामाणिक मन, दोन्ही लागतात. वेगवान गाड्यांची चासी एनएचआरएचे तपासनीस आधीच तपासतात आणि तिच्यावर क्रमांकाचं स्टिकर लावतात. टॉप फ्युएल आणि फनी कारला दर वर्षी, इतर बऱ्याच वेगवान गाड्यांना तीन वर्षांनी. नळ्या बहुतेक ४१३० क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या. मार लागल्यावर आधी रंगाकडे बघा. पावडर कोटिंगला बारीक भेगा, टवका, सुरकुती दिसली तर तिथे नळी वाकून परत सरळ झाली आहे. दोन्ही बाजूंची तिरकी मापं घ्या आणि ती गाडी धड असताना लिहून ठेवलेल्या मापांशी ताडून बघा. (धड असताना मापं घेतलीच नसतील, तर आज रात्री घ्या.) आणि मग वेल्ड.

त्या छोट्या टीमची एक दुपार सांगतो. गाडी अंतिम रेषेच्या पुढे डाव्या भिंतीला घासली होती. पॅनेल चेपलं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. मालक म्हणाले, नुसतं घासलंय, पॅनेल बदललं की झालं. फेरीला पन्नास मिनिटं होती. मी चालकाच्या डाव्या खांद्यामागच्या जोडाजवळचा रंग खरवडला, धातू पुसून चकचकीत केला आणि डाय पेनिट्रंट मारलं, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला डीपी टेस्ट म्हणतात तेच. लाल द्रव. दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं, मग वरून पांढऱ्या डेव्हलपरचा फवारा. त्या दहा मिनिटांत मालक तीनदा घड्याळ बघून गेले. पांढरा थर वाळला आणि वेल्डच्या काठावर एक लाल ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता दोन्ही जोडले गेले आणि केसाएवढी लाल रेघ तयार झाली, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी लांब. कोणी काहीच बोललं नाही. मालकांनी वाकून पाहिलं, बोटाने रेघ पुसली, आणि ती पुन्हा उमटली. ते ट्रेलरच्या पायरीवर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “अधिकाऱ्यांना सांगून ये, आम्ही येत नाही.”

ती रेघ त्या खांद्यापासून चार बोटांवर होती.

पिंजऱ्यानंतर चाकं. मागचे टायर सहा-सात पीएसआयएवढ्या कमी दाबावर धावतात, त्यामुळे त्यांच्या भिंती सतत चुरगळत असतात. धातूच्या तुकड्याने झालेली लहान चीर पुढच्या धावेत टायर फाडू शकते. २००४ साली डॅरेल रसेल यांचा मृत्यू टायर फुटून झालेल्या अपघातातच झाला. टायर हाताने फिरवत, आतल्या बाजूनेही, पूर्ण फेरी बघा. शंका आली की टायर बदला, याला अपवाद नाही. चाकाच्या रिमवर, स्टडच्या भोकांभोवती पुन्हा डीपी. २०१० च्या फेब्रुवारीत फिनिक्सजवळच्या ट्रॅकवर धावत्या गाडीचं चाक निखळून उडालं आणि प्रेक्षकांतल्या एका बाईंचा जीव गेला. चाकाचा दोष गाडीपुरता राहत नाही. पुढचा अॅक्सल, टायरॉड, स्टिअरिंगचे जोड आणि मागच्या पंखाचे आधार याच रांगेत तपासा. एकाही रॉडला वाक दिसला तर सरळ करू नका, बदला.

इंजिनाबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते क्रूला माझ्यापेक्षा चांगलं येतं. सुरक्षेपुरतं एवढंच: इंजिन फुटल्यानंतर त्याला आवरणारे भाग आधी बघा. सुपरचार्जरला बांधून ठेवणारे पट्टे, मॅनिफोल्डचं फुटून दाब सोडणारं पॅनेल, क्लचभोवतीचं टायटॅनियमचं घर, उडणारे तुकडे अडवणारं जाड कापडी आवरण म्हणजे बॅलिस्टिक ब्लँकेट. हे सगळे एसएफआयच्या खुणेचे आणि मुदतीतले असले पाहिजेत. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची ट्रान्समिशन फुटली आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयातून बाहेर आल्यावर त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बनवली, १९७१ मध्ये ती धावू लागली, आणि पाहता पाहता सगळा टॉप फ्युएल वर्ग त्या रचनेवर गेला. फिरणारे भाग फुटतात हे गृहीतच धरलेलं आहे. त्यांच्याभोवतीचं आवरण एकदा स्फोट झेलून बसलं असेल तर दुसऱ्यांदा त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

दुरुस्ती कशी चालते, कशी चालत नाही

क्रोमोलीच्या पिंजऱ्याला फक्त टिग (टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आडोशाने करायचं) वेल्डिंग. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करणं नियमाला मान्य नाही, आणि त्याला अर्थ आहे: घासलेल्या वेल्डखाली काय आहे ते तपासनिसाला दिसत नाही. तडा दिसला की त्यावर वरून आणखी एक वेल्ड मारू नका. आमच्या धंद्यात याला मलमपट्टी म्हणतात. जुन्या वेल्डच्या शेजारची नळी उष्णतेने आधीच बदललेली असते, पुन्हा तापवली की ती आणखी ठिसूळ होते. नळी कापा, आत बाही म्हणजे बारीक नळीचा तुकडा घाला, भोकं पाडून तिथेही वेल्ड भरा, मग जोड. पिंजऱ्यात डोक्याजवळची नळी असेल तर पूर्ण तुकडाच बदललेला चांगला. हे काम पिटमध्ये, वाऱ्यात, दोन फेऱ्यांच्या मध्ये होत नाही. होतं असं सांगणारा भेटला तर त्याच्या गाडीत कोण बसणार आहे ते विचारा.

चासी वाकली, कापली किंवा पुन्हा जोडली की स्टिकरची मान्यता उरत नाही. तपासनिसाला बोलवायचं, काय झालं ते सगळं सांगायचं, आणि त्याने पाहिल्यावरच गाडी पुन्हा रांगेत. रंग लावायच्या आधी बोलवा, म्हणजे त्याला धातू दिसेल. भिंतीला लागलेली गाडी बाहेरून ठीक दिसली तरी त्याच स्पर्धेत पुन्हा उतरायचं असेल तर अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावी लागते. त्यांनी बोलावण्याची वाट न बघता आपण जाऊन सांगणारी टीम त्यांना लक्षात राहते, आणि पुढच्या वेळी तिच्या शब्दाला वजन येतं.

माघार

ट्रॅकवरचे निकालाचे नियमही इथे कामाला येतात, कारण माघार घेताना काय हातचं जातंय हे माहीत असलं की निर्णय शांतपणे घेता येतो. अंतिम रेषेच्या आत भिंतीला लागलात किंवा मधली रेषा ओलांडलीत तर ती फेरी गेलीच. दोघांकडून चूक झाली तर आधी केलेली किंवा जास्त गंभीर चूक बघतात, आणि मधली रेषा ओलांडणं हे लाल दिवा लागण्यापेक्षा, म्हणजे वेळेआधी सुटण्यापेक्षा, गंभीर. अंतिम रेषेनंतर भिंतीला लागलात तर जिंकलेली फेरी तुमचीच. खरी कसोटी याच वेळी असते: फेरी हातात आहे, गाडी मोडली आहे आणि पुढची फेरी समोर आहे. तुम्ही आला नाहीत तर समोरचा एकटा धावून पुढे जातो, एवढंच होतं.

हा निर्णय कोणी घ्यायचा ते मोसमाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि कागदावर लिहा. आमच्या टीममध्ये तीन जणांना ‘नको’ म्हणायचा अधिकार होता: चालक, क्रू चीफ आणि वेल्ड बघणारा. तिघांपैकी एकाने नको म्हटलं की चर्चा नाही. ‘हो’ म्हणायला मात्र तिघंही लागायचे.

अँबी व्हॅलीला जाताना

तिथे बहुतेक गाड्या रस्त्यावरच्या, थोड्या वाढवलेल्या. नायट्रो नाही, एवढा वेग नाही. तरी क्रम तोच ठेवा: ब्रेक, पट्टे आणि सीटचे बोल्ट, टायर, मग टर्बो आणि ट्यूनिंग. कूलंट किंवा गिअर ऑइल गळत असेल तर रांगेतून बाहेर या. धावपट्टीवर सांडलेलं कूलंट दुचाकीवाल्याला पाडतं, आणि त्याच पट्टीवर सुपरबाइकही धावतात. एअरबॅग उघडलेली गाडी त्या दिवशी पुन्हा नको. बॅटरी मागे हलवली असेल तर बाहेरून हाताला येईल असा कट-ऑफ स्विच लावा आणि तो कुठे आहे ते रांगेतल्या मार्शलला आधीच दाखवून ठेवा. घरून निघताना ज्या टायरवर घाट चढून आलात त्यांचा दाब नव्हे, तर भिंती बघा. खड्ड्यात बसलेला फुगवटा लोणावळ्याच्या वाटेवर चालून जातो, ताशी २०० किलोमीटरला जात नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली धाव

ती स्पर्धेत घेऊ नका, चाचणीच्या दिवशी घ्या. पहिल्यांदा फक्त गाडी सोडून साठ फुटांवर पाय काढा. पिटमध्ये आणा, चाकांचे नट पुन्हा आवळा, खाली गळतंय का बघा. दुसऱ्यांदा अर्ध्या ट्रॅकपर्यंत जा आणि वेगाची गरज नसतानाही पॅराशूट सोडा. ते दोन्ही बाहेर येऊन फुलतात की नाही हे ट्रॅकच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने बघायचं, चालकाने नाही. मग परत येऊन नव्या वेल्डवर डीपी मारा, दहा मिनिटं थांबा, आणि पांढऱ्यावर लाल उमटत नाही हे तिघांनी बघितल्यावरच तिसरी धाव पूर्ण घ्या.